लाल दोऱ्याची गुंडाळी

आत्या, तुम्ही जाऊन सव्वा महिना होत आला आणि मी अजून तुमच्याशी भांडतेय. भाकरी थापताना भांडते, म्हशीला पाणी दाखवताना भांडते. परवा यांनी विचारलं, "कुणाला बोलायलीस?" मी म्हटलं, "तुमच्या आईला." ते टॉवेल खांद्यावर टाकून वावरात निघून गेले. त्यांना सवय आहे. सासू-सुना बोलायला लागल्या की टॉवेल उचलायचा, हे ते फार लवकर शिकले.

तुम्हाला आपल्याच वावरात, कडुलिंबाच्या अंगाला, लिंगायत रीतीनं बसवून माती दिली. कपाळाला भस्म, अंगावर ते हिरवं लुगडं, जे तुम्ही चार वर्षं "नंतर नेसते" म्हणून ट्रंकेत ठेवलं होतं. बाया म्हणाल्या, म्हातारी ओसरीवर बसायची तशीच बसलीय. मला सारखं वाटत होतं की आता डोळे उघडून विचाराल, "सुवर्णा, बी निवडून झालं का?" कारण पेरणी तोंडावर आली होती, आणि या दिवसांत तुमच्या डोक्यात दुसरं काही नसायचं. सोयाबीनचं घरचं बी आपण दोघींनी मिळून जपलेलं. पोतं आपटायचं नाही, एकावर एक चार थर रचायचे नाहीत, सोयाबीनची साल पातळ असते, मार बसला की बी मेलं. हे सगळं तुमच्याकडूनच शिकले मी.

आज चाकूरच्या आजूबाजूला चार गावांत कुणालाही विचारा, ते सांगतील की सुवर्णाच्या हाताला गुण आहे. बी माझ्या हातचं नेतात. विरजण माझ्या हातचं नेतात. नव्या सुनेच्या ओटीतला पहिला तांदूळ मी घालावा म्हणून बोलावणं येतं. मी खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. मी पदर सावरून, मान वर करून जाते.

पण आत्या, याच्या बरोबर उलटं म्हणणारं पहिलं तोंड तुमचंच होतं.

मी किनवटहून आले तेव्हा मला शेतातलं ओ की ठो कळत नव्हतं. वडील वसतिगृहावर गृहपाल, आम्ही राहायचो क्वार्टरमध्ये. धान्य माझ्या लेखी पोत्यात यायचं आणि ताटात जायचं, त्याच्या आधी ते कुठं होतं याची कधी चौकशीच केली नव्हती. माझं "करून राहिले, जाऊन राहिले" ऐकून तुम्ही हसायच्या, "आगं, राहू नको, आधी कर." पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही कैरीचं लोणचं माझ्याकडून घालून घेतलं. बुरशी आली. मग दह्याची पाळी दिली. दही लागायचं नाही, नुसतं पाणी आणि गुठळ्या. तिसऱ्या वर्षी खालच्या तुकड्यात मी निवडलेलं बी पेरलं, आणि नेमका तोच तुकडा उगवला नाही. त्या दिवशी तुम्ही ओसरीवर तीन बायांच्या देखत म्हणालात, "पोरगी चांगली हाय, पण हिच्या हाताला गुण न्हाई."

तुम्ही ते रागानं म्हणाला नव्हता, हे मला माहीत आहे. ऊन लई हाय म्हणावं तशा सुरात म्हणालात. पण पोरगी चांगली हाय हे कुणी ऐकलं नाही, पुढचं सगळ्यांनी ऐकलं. पार्वतीकाकूंनी तर आठ दिवसांत ते पार पलीकडच्या आळीपर्यंत पोचवलं. शेजारची कुणी विरजण मागायला आली आणि मी वाटी घेऊन पुढं झाले की ती म्हणायची, "राहू दे, आत्यांनाच देऊ दे." तुमच्या लेकीच्या, शिवकांताताईंच्या घरी रेणापूरला हळद होती, तिथं कुणीतरी माझ्या हातातलं ताट इतक्या हळूच काढून घेतलं की मला मिनिटभर कळलंच नाही.

मग मी शहाणी झाले. कुणी म्हणायच्या आत मीच म्हणायला लागले, "नको, मला नका सांगू, माझ्या हाताला गुण नाही." त्यातलं सुख तुम्हाला सांगते, एकदा आपणच म्हटलं की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही. पण त्यानं माझं काय झालं ते मला तेव्हा दिसलं नाही. दूध तापत ठेवलं की मी तिथंच उभी, सारखी ढवळत. लोणच्याची बरणी भरली की दर दिवसाआड झाकण काढून बघायची, बिघडलं तर नाही ना, कधी ओला चमचा, कधी ओला हात. विरजण लावलेल्या पातेल्याला चार वेळा हलवून बघायची. हे शहरात गेले की सात वेळा फोन. धाकटी लेक झोपली की तिच्या नाकापुढं बोट धरायचं, आणि ती दचकून उठायची. प्रत्येक गोष्टीचं झाकण उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, आणि प्रत्येक गोष्ट बिघडायची, आणि मी म्हणायची, बघा, म्हटलं नव्हतं का.

लग्नाला आठ वर्षं झाली असतील. गावात कृषी सहायक आला. महादेवाच्या देवळात त्यानं सगळ्यांना बी तपासायची रीत दाखवली. ओलं बारदान अंथरायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं बारदान, हलक्या हातानं गुंडाळी करून बांधायची आणि सावलीत ठेवायची. सातव्या दिवशी सोडून मोजायचं. सत्तरच्या वर मोड आले तर बी पेरायच्या लायकीचं. घरी येऊन तुम्ही म्हणालात, "दोन गुंडाळ्या करू. एक माझी, एक हिची. एकाच पोत्यातलं बी. बघू तरी हात हात म्हणतात ते काय आसतंय." माझ्या गुंडाळीला लाल दोरा बांधला, तुमच्या गुंडाळीला पांढरी सुतळी. दोन्ही मागच्या खोलीत रांजणाच्या कडेला उभ्या केल्या. आणि उघडायच्या दिवशी गल्लीतल्या बायांना चहाला बोलावलं.

मला वाटलं, तुम्ही मला कायमची संपवायला निघाल्या आहात.

ते सात दिवस मला आजही पाठ आहेत. तुमच्या गुंडाळीकडं तुम्ही एकदा सकाळी बघायच्या, पाण्याचा हात मारायच्या, संपलं. मी दिवसातून दहा वेळा जायची. दोरा सैल करून आत बोट घालायची. कोरडं वाटलं की तांब्या ओतायची, मग जास्त झालं वाटलं की पिळायची, मग परत कोरडं वाटायचं. सहाव्या दिवशी मी पक्कं ठरवलं होतं की बाया यायच्या आत डोकं दुखतंय म्हणून झोपायचं. तुम्ही झोपू दिलं नाहीत.

बाया आल्या. चहा झाला. तुम्ही लाल दोरा सोडलात. बारदान उलगडलं आणि त्यावर एका उंचीचे पांढरे मोड, अंगाला अंग लावून उभे. पार्वतीकाकूंनी बोट लावून मोजले, शहाऐंशी. मग तुम्ही पांढरी सुतळी सोडलीत. वास आधी आला. सगळं बुळबुळीत, कुजलेलं. तुम्ही ते बारदान गोळा केलंत, बाजूला सारलंत आणि पदराला हात पुसत म्हणालात, "व्हय बाई. माझा हात आता सुटला. यंदापास्नं घरचं बी हिच्या हातचं."

पार्वतीकाकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "म्हातारीचा गुण गेला सुनंकडं."

आत्या, त्या दिवसापासून मी दुसरी बाई झाले. हे मी उगीच फुगवून सांगत नाही, तुम्ही बघितलंय. त्या वर्षीचं लोणचं मी भरलं, तोंडाला फडक्याचा दादरा बांधला आणि बरणी विसरून गेले. दिवाळीत उघडली तेव्हा तेल वर तरंगत होतं आणि वासानं हे जेवणाआधीच ताटावर येऊन बसले. दही लागायला लागलं. दूध एकटं तापायला लागलं. धाकटी रात्रीची सलग झोपायला लागली. बी निवडताना हात थांबायचा नाही. बचत गटात चार बायांपुढं बोलायला उभी राहिले, पिकअपमध्ये बियाण्याची पोती घालून एकटी लातूरला जाऊन आले. थोरलीला नर्सिंगला नांदेडला ठेवलं आणि दिवसाला एकच फोन करते, तोही तिनं उचलला नाही तर तासभर थांबते. यातली एकही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. माझ्या हाताला गुण आहे हे मला कळलं होतं, एवढंच.

आणि आपला तो जुना वाद. कुणाचीही गुंडाळी कुजली की तो निघायचाच. मी म्हणायची, "आत्या, बी पाण्यानं कुजतं, मनानं न्हाई."

"पाणी कुणी वतलं?"

"माणसानं."

"कामून वतलं?"

"वाटलं म्हणून."

"मंग आलीस की वाटण्यावर."

मी चिडून म्हणायची, नुसतं वाटून काही उगवत नसतं, त्याला ओल लागते, ऊब लागते. तुम्ही सुपारी कातरत म्हणायच्या, "हाव. आन गप बसणारं माणूस लागतं." मग हे टॉवेल उचलायचे. हा वाद आपला कधी संपलाच नाही. तुम्ही हे कुणाच्या गुंडाळीबद्दल बोलत होता ते मला ठाऊकच नव्हतं.

तुमच्या तिसऱ्या दिवशी शिवकांताताई माझ्याजवळ मागच्या खोलीत येऊन बसल्या. दोन गुंडाळ्या केल्या त्या वर्षी उन्हाळ्यात त्या माहेरी आलेल्या होत्या. म्हणाल्या, "वहिनी, आई गेली, आता सांगते. गुंडाळ्या सोडायच्या त्या दिशी सकाळी तू दुधाला गेलतीस. आईनं लाल दोऱ्याची गुंडाळी नाकाला लावून बघितली. मंग खाली बसली आन दोरे बदलले. मला म्हनली, तोंड उघडलंस तर बघ."

मी उठून परसात गेले. मला रडू आलं नाही, राग आला. इतकी वर्षं मी जी मान वर करून चालले ती कशाच्या जोरावर, तर तुमच्या एका लबाडीच्या. तुम्ही मला सांगितलं असतं, बाई, तू पाणी जास्त घालतेस, दहादा उघडतेस, तर मी ऐकलं नसतं का? दोन दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात हे विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी खरकटं काढताना उत्तर सापडलं, आणि ते मला आवडलं नाही. नसतं ऐकलं. तुम्ही मला लोणच्याच्या वेळी सांगितलं होतं, सारखं उघडू नको. मी हो म्हणायची आणि उघडायची. पाण्याचा तांब्या माझ्या हातातून काढून घेतला असता तर मी ओंजळीनं घातलं असतं. तुम्ही एकदा बोलून जे माझ्या डोक्यात बसवलं होतं, ते काढायला नुसतं बोलणं पुरणार नव्हतं, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं.

आणि त्यासाठी तुम्ही दिलंत काय, तर स्वतःचा हात. चाळीस वर्षं अर्धं गाव तुमच्या हातची पहिली मूठ न्यायचं. त्या चहानंतर एकही बाई तुमच्याकडं आली नाही. तुम्ही ओसरीवर बसायच्या आणि बाया तुमच्यावरून आत माझ्याकडं यायच्या. एका पेरणीला तुम्ही सुपात हात घातला तर मी, मी आत्या, म्हटलं होतं, "राहू द्या, तुमच्या हातचं आता उगवत नाही." तुम्ही हात काढून घेतलात. मागच्या सव्वा महिन्यात मला एवढंच एक वाक्य सारखं ऐकू येतं, आणि त्याची माफी मागायला माणूस नाही. मी लिंबाखाली जाऊन मागितली. तिथं मागून मन भरत नाही, तरी मागितली.

त्यानंतर आठ दिवसांनी पार्वतीकाकू आल्या. बरोबर त्यांची सून दीपाली. नवीनच आहे, तुम्ही लग्नाला गेला होता. काकू म्हणाल्या, "सुवर्णा, यंदा आमचं बी तूच बघून दे बाई. हिच्या हाताला गुण न्हाई. दोनदा दही नासलं, रोपं जळाली." मी दीपालीकडं बघितलं. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. मी काही बोलायच्या आत तीच घाईनं म्हणाली, "हाव, मी न्हाई शिवत बियाला."

तो सूर माझा होता.

मी काकूंना म्हटलं, गुंडाळी दीपालीच करेल, माझ्या घरात, आणि सातव्या दिवशी तुम्ही याल, चार बायांना घेऊन याल. त्या पोरीला मी रोज दुपारी बोलावलं. पहिल्याच दिवशी तिला सगळं सांगितलं. माझी गुंडाळी, तांब्या, तो वास, दोरे. ती डोळे मोठे करून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी तुमच्या हाताला बी गुण नव्हता?" मी म्हटलं, "नव्हता गं. कुणाच्याच नसतो. पण आपलं बिघडणार असं वाटलं की हात गप बसत नाही, आणि त्यानं बिघडतं. तू रोज एकदा वरून पाण्याचा हात मारायचा. दोरा सोडायचा नाही. सोडावासा वाटला की माझ्याकडं यायचं आणि बोलायचं." दुसऱ्या दिवशी ती तीनदा आली. तिसऱ्या दिवशी दोनदा. पाचव्या दिवशी आली ती बियाबद्दल बोललीच नाही, माहेरच्या म्हशीबद्दल बोलत बसली.

सातव्या दिवशी ओसरी भरली. दोरा दीपालीनंच सोडला. काकूंनी बोट लावून मोजले, दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. ब्याऐंशी. दीपाली हसली नाही, तिनं नुसते हात उलटेसुलटे करून बघितले.

आणि मग मी बोलले. "काकू, त्या वर्षी नासलेली गुंडाळी माझी होती. आत्यांनी दोरे बदलले. शहाऐंशी त्यांचे होते. त्यांच्या हाताला काही झालं नव्हतं."

पार्वतीकाकूंनी ते बारदान स्वतःकडं ओढलं. मग म्हणाल्या, "मंग इतकी वर्षं आम्ही तुझ्या हातचं न्हेलं ते?"

"ते उगवलं का नाही?"

"उगवलं की."

"मग झालं तर."

काकू आधी हसल्या, मग त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. म्हणाल्या, "म्हातारीला म्या काय काय बोलले गं." जाताना त्यांनी बियाची पहिली मूठ दीपालीच्या ओटीत स्वतः घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसलेल्या त्याच बाया तुमचं नाव घेत होत्या, चाळीस वर्षांपूर्वी तुमच्या हातचं बी कुणाच्या वावरात कसं उगवलं होतं ते सांगत होत्या. मी भाकरी करपू दिली, पण ऐकत उभी राहिले.

एक तुम्हाला सांगायचंय, गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही. दीपालीनं गुंडाळी केली त्याच दिवशी, ती गेल्यावर, मी स्वतः एक दुसरी करून मागच्या खोलीत पोत्याआड ठेवली होती. त्याच रंगाचा दोरा, तेवढंच पाणी, तिची नासली तर गुपचूप बदलायला. मोठ्या तोंडानं तुमच्या लबाडीवर चिडणारी मी, आणि पोरीवर माझा तरी कुठं पुरता विश्वास होता? त्या वेळी मला तुम्ही कळलात, रांजणापाशी खाली बसलेल्या, हातात दोन दोरे घेऊन. बाया गेल्यावर ती गुंडाळी मी बाहेर आणली. उघडून मोजावीशी फार वाटली. नाही मोजली. तशीच म्हशीच्या गव्हाणीत झटकली. आत्या, आपला वाद अजून आहे तिथंच आहे, पण एवढं मात्र तुमच्या पुढं जाऊन केलं. मला दोरा बदलावा लागला नाही.